खाज थांबते, नायटा नाही

पावसाळ्यात ओल्या कपड्यांत दिवस काढला की जांघेत खाज सुटते आणि मेडिकलवाला काही न विचारता एक ट्यूब पुढे करतो. तिच्यात बुरशीनाशक असतं, जंतुनाशक असतं आणि सोबत क्लोबेटासोल किंवा बीटामेथासोन हे स्टेरॉईड. दोन दिवसांत लाली उतरते, खाज थांबते, गिऱ्हाईक खूश. ही किमया स्टेरॉईडची. ते बुरशीला हातही लावत नाही. बुरशीशी झुंजताना त्वचा लाल होते, ती झुंजच ते बंद पाडतं. मग नायट्याला रान मोकळं. गजकर्णाचं ओळखीचं लाल कडेचं रिंगण विस्कटतं, कड्यात कडी उमटतात आणि पुढे डॉक्टरही चकतात. या छुप्या नायट्याला वैद्यकात ‘टिनिया इनकॉग्निटो’ म्हणतात. शिवाय जागाही नाजूक. हायड्रोकॉर्टिसोन हे स्टेरॉईड कुठल्या त्वचेतून किती मुरतं हे १९६७ साली मोजलं गेलं, तेव्हा वृषणाच्या त्वचेतून ते हातापेक्षा ४२ पट मुरल्याचं दिसलं. क्लोबेटासोल तर त्याहून कितीतरी जहाल. जांघेत त्याने पडलेले ताणाचे चट्टे पुढे जन्मभर राहतात.

स्टेरॉईड वाईट नव्हे. इसब, सोरायसिसमध्ये त्याचा मोठा आधार आहे. प्रश्न ते कोण, कशावर विकतो याचा आहे. चिठ्ठीशिवाय विकू नयेत अशा औषधांच्या ‘शेड्यूल एच’ यादीत एक पळवाट होती: बाहेरून लावायची औषधं तिच्यातून वगळलेली. २०१८ साली सरकारने त्वचेवर लावायच्या स्टेरॉईडपुरती ती बुजवली, पण कागदावर. काउंटरवर आजही चिठ्ठी मागतो कोण?

यावर दुकानदार म्हणतील, तालुक्याच्या गावी त्वचारोगतज्ज्ञ कुठे आहे, आणि रोजंदारी बुडवून गरिबाने शहर गाठायचं का? अडचण खरी आहे, पण तिच्यावर ही ट्यूब हा उतारा नव्हे. नुसतं क्लोट्रिमाझोल हे बुरशीनाशक स्वस्त आहे आणि त्याच फळीवर असतं. ‘ट्यूबमध्ये बुरशीनाशकही आहेच की,’ हा युक्तिवादही लंगडा आहे. नायट्याला दोन ते चार आठवडे नेमाने मलम लागतं. खाज दोन दिवसांत थांबल्यावर ते पुढे लावतो कोण? अर्धवट मारलेली बुरशी पुन्हा उठते. टर्बिनाफिन या बुरशीनाशकाला दाद न देणारी बुरशीची एक जात आपल्याकडे फोफावली आहे, आणि २०२० साली जपानी संशोधकांनी तिचं बारसं केलं ते ‘ट्रायकोफायटन इंडोटिनी’ असं. नावातच आपला देश! २०२३ साली ती न्यूयॉर्कमध्येही सापडली, आणि तिथल्या दोन रुग्णांपैकी एकीने अलीकडे परदेशप्रवास केलाच नव्हता. या फैलावामागच्या कारणांत त्वचारोगतज्ज्ञ या मिश्र मलमांकडेही बोट दाखवतात.

नायट्यासाठी ट्यूब घेताना मागची बारीक अक्षरं वाचा. क्लोबेटासोल, बीटामेथासोन, बेक्लोमेथासोन, मोमेटासोन यांपैकी एकही नाव दिसलं तर ती तिथेच परत करा आणि साधं क्लोट्रिमाझोल मागा.