खुर्ची कोणाची?

शिक्षण राजकारणापासून दूर असावे, असे म्हणत पालकांनाच कारभारापासून दूर ठेवण्याची युक्ती जुनी आहे. अमेरिकेतील शिकागो शहरात ती दीर्घकाळ चालली. तेथील शाळा मंडळाचे सदस्य महापौर नेमत. १९९५ च्या कायद्याने तर मंडळ पूर्णपणे त्यांच्या मुठीत गेले. मे २०१३ मध्ये या नियुक्त मंडळाने एकाच बैठकीत सुमारे ५० शाळा बंद करण्याचा ठराव केला. झळ पोहोचलेली बहुसंख्य मुले कृष्णवर्णीय होती. पालकांनी टाहो फोडला; परंतु महापौरांनी नेमलेल्यांना पालकांनी जाब विचारावा तरी कसा?

हा प्रश्न लावून धरला गेला, म्हणूनच २०२१ साली कायदा बदलला. नोव्हेंबर २०२४ मध्ये त्या शहराच्या इतिहासात प्रथमच शाळा मंडळाची निवडणूक झाली. २१ पैकी १० सदस्य मतदारांनी निवडले. जानेवारी २०२७ पासून सर्वच निवडलेले असावेत, अशी कायद्याची तरतूद आहे.

निवडणुकीत पैसा येतो, गट पडतात, हा आक्षेप खोटा नाही. २०२४ मध्ये शिक्षक संघटना आणि चार्टर शाळांचे समर्थक या दोघांनीही सढळ हाताने खर्च केला. तरीही निवडलेला चुकला, तर पालक त्याला घरी बसवू शकतात, नेमलेल्याला नाही. आमचे म्हणणे मात्र मतपेटीपाशी संपत नाही. त्याच शिकागोत १९८८ च्या कायद्याने शाळाशाळांत स्थानिक परिषदा स्थापन झाल्या. त्यांत सर्वांत मोठा गट पालकांचा. मुख्याध्यापकाची निवड आणि अंदाजपत्रकाची मंजुरी त्यांच्या हाती. नागरिकत्व नसलेल्या पालकासही तेथे मत आहे. खरा बदल आम्ही याला म्हणतो.

आपल्याकडे २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश जागा पालकांना दिल्या. २०१४ साली सर्वोच्च न्यायालयाने अल्पसंख्याकांच्या शाळांना या कायद्यातून वगळले. आमच्या धर्मग्रामांच्या शाळांनी त्याचे स्वागत अवश्य करावे. परंतु सरकारला दाराबाहेर ठेवण्याचा हक्क म्हणजे पालकांना दाराबाहेर ठेवण्याचा परवाना नव्हे. देणगीच्या वेळी आम्ही 'शाळेचे कुटुंबीय' असतो. मग निर्णयाच्या वेळी आम्ही परके कसे? कायद्याची सक्ती नसताना दिलेली खुर्चीच खऱ्या विश्वासाची खुर्ची होय. ती मागण्यात आम्हांस संकोच वाटत नाही.