धर्मादायांची फी

प्रवेशाचा हंगाम आला आणि या आठवड्यात वर्तमानपत्रांच्या पहिल्या पानावर पुन्हा ‘जागतिक दर्जा’ अवतरला. खासगी विद्यापीठांच्या जाहिरातींत परदेशी करार आहेत, गलेलठ्ठ पॅकेजे आहेत; फीचा आकडा तेवढा नाही. सरकार हात आखडता घेते आणि शिकू पाहणारी मुले वाढतच आहेत, तेव्हा खासगी विद्यापीठे हवीतच. मुद्दा एवढाच, की धर्मादाय ट्रस्ट म्हणून मिळणाऱ्या करमाफीच्या बदल्यात ती काय देतात?

हाच प्रश्न ब्राझीलने कसा सोडवला, ते पाहा. तिथे तीन चतुर्थांशांहून अधिक विद्यार्थी खासगी संस्थांत शिकतात. त्यातल्या अनेक संस्था राजरोस नफा कमावतात. काहींचे शेअर बाजारात आहेत. राष्ट्राध्यक्ष लूला यांच्या सरकारने २००५ च्या ‘प्रोउनी’ कायद्याने त्यांच्याशी रोखठोक सौदा केला : काही केंद्रीय कर माफ हवे असतील, तर गरिबांना जागा द्या. घरातले दरडोई उत्पन्न किमान वेतनाच्या दीडपटीपर्यंत असेल तर पूर्ण फी माफ, तिपटीपर्यंत असेल तर निम्मी. कृष्णवर्णीय, मिश्रवर्णीय आणि मूलनिवासींचा वाटा राज्यातल्या लोकसंख्येच्या प्रमाणात. आपल्याकडे नफा निषिद्ध! विद्यापीठ ट्रस्टचे, उत्पन्न करमुक्त, संस्थापक ‘शिक्षणमहर्षी’. तरीही जुलै २०२४ मध्ये महाराष्ट्राने ठरावीक प्रवर्गांतल्या आणि उत्पन्नमर्यादेतल्या मुलींना व्यावसायिक शिक्षणाची पूर्ण फी माफ केली, तेव्हा खासगी अभिमत आणि स्वयंअर्थसहाय्यित विद्यापीठे शासन निर्णयातच वगळली. त्यांनी स्वतः ठरवलेली फी तिजोरीतून का भरावी, हा सरकारचा हिशेब समजतो. पण करमाफीची भरपाई जागांच्या रूपाने मागायला कोणी अडवले होते?

न्यायालयाने अडवले, असे सांगितले जाईल. सर्वोच्च न्यायालयात इनामदार खटल्यात २००५ मध्ये विनाअनुदानित संस्थांवर सरकारी कोटा लादता येणार नाही, असे ठरले, हे खरे. त्यावर अशा संस्थांतही आरक्षणाचा कायदा करण्याची मुभा देणारी ९३वी घटनादुरुस्ती झाली, ती २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयात टिकली, आणि ऑगस्ट २०२५ मध्ये संसदीय समितीने खासगी संस्थांतल्या आरक्षणासाठी कायद्याची शिफारसही केली. शिवाय प्रोउनीत सक्ती नाही. ज्याला सवलत नको, त्याने खुशाल कर भरावा. दुसरा आक्षेप दर्जाचा. ब्राझीलमध्ये एनेम या राष्ट्रीय परीक्षेत किमान गुण मिळवल्याशिवाय शिष्यवृत्ती नाही, त्यामुळे गरीब मुलांमुळे दर्जा घसरतो ही ओरड फोल आहे. सुमार संस्थांनाही प्रोउनीचा लाभ झाला, ही टीका मात्र रास्त. तिचे उत्तर कडक तपासणी हे आहे. आपल्याकडे मोठ्या ट्रस्टना करमाफीची नोंदणी दर पाच वर्षांनी नव्याने करून घ्यावी लागते. त्या अर्जात ‘पूर्ण फी माफ केलेले गरीब विद्यार्थी’ असा एक रकाना घालावा आणि तो कोरा असेल तर अर्ज परत पाठवावा. धर्मादायाला एवढी परीक्षा जड जाऊ नये.