हर्पिसची रक्ततपासणी : कोणी करावी, कोणी करू नये?



एचआयव्ही आणि सिफिलिस म्हणजे गरमी, यांची रक्ततपासणी सरकारी दवाखान्यात फुकट होते. मग हर्पिसची का होत नाही? प्रश्न रास्त आहे. खाजगी लॅबमध्ये या तपासणीला पैसे मोजावे लागतात आणि हातावर पोट असलेल्या घराला ते परवडत नाहीत. तरीही ही तपासणी सरसकट सर्वांची करा, अशी मागणी आम्ही करणार नाही. त्याची कारणे समजून घ्या.

कमरेवर किंवा छातीवर पट्ट्यासारखी उठणारी नागीण ती वेगळी. तिचा शरीरसंबंधाशी काही संबंध नाही. आम्ही सांगतो आहोत तो हर्पिस सिम्प्लेक्स. त्याचे दोन प्रकार आहेत. पहिला बहुधा लहानपणीच घरच्यांच्या लाळेतून, पापा घेण्यातून लागतो. ताप आल्यावर ओठाच्या कडेला फोड येतात ते त्याचेच. दुसरा मुख्यतः शरीरसंबंधातून लागतो आणि गुप्तांगावर फोड आणतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाने जगात पन्नाशीच्या आतल्या ३८० कोटी लोकांत पहिला प्रकार आहे, तर १५ ते ४९ वयाच्या ५२ कोटी लोकांत दुसरा. यांतल्या बहुतेकांना कधी त्रास होत नाही, झाला तरी किरकोळ.

रक्ताच्या या तपासणीत विषाणू दिसत नाही. विषाणूशी लढण्यासाठी शरीराने तयार केलेली अँटिबॉडी दिसते. म्हणून लागण केव्हा झाली, कोणाकडून झाली, हे रिपोर्ट सांगू शकत नाही. ती लग्नाआधीची, वीस वर्षांपूर्वीचीही असू शकते. पहिला प्रकार निघाला तर तो ओठावरचा की खालचा, हेही कळत नाही. उलट, ताजी लागण असेल तर तीन महिन्यांपर्यंत रिपोर्ट निगेटिव्ह येऊ शकतो.

शिवाय रिपोर्ट चुकतोही. अमेरिकेतील सरकारनियुक्त तज्ज्ञांच्या टास्क फोर्सने २०१६ साली हिशेब मांडला. शंभरात पंधरा जणांना दुसऱ्या प्रकारची लागण आहे असे धरून १०,००० लोक तपासले, तर सुमारे १,४८५ जणांचा पॉझिटिव्ह रिपोर्ट खरा निघेल आणि १,४४५ जणांचा खोटा! म्हणून लक्षणे नसलेल्यांची सरसकट तपासणी करू नये, असा सल्ला त्यांनी दिला. २०२३ साली तोच कायम ठेवला.

गरमी पेनिसिलिनने बरी होते. एचआयव्हीवर सरकार फुकट औषध देते. तिथे तपासणीमागे उपचार उभा आहे. हर्पिस समूळ घालवणारे औषध अजून नाही. जो धडधाकट आहे, त्याच्या हाती फक्त काळजी येते.

घरोघरी याचा घाव बाईवर पडतो. गर्भ पडला की पुष्कळदा ‘टॉर्च’ नावाची तपासणी करायला सांगतात. तिच्यात ‘हर्पिस आयजीएम पॉझिटिव्ह’ असे आले की सासर सुनेकडे बोट दाखवते. आयजीएम ही हर्पिससाठी भरवशाची तपासणी नव्हे. या कागदावरून कोणाच्या चारित्र्याचा निवाडा करणे हा शुद्ध अन्याय आहे.

मग करायचे काय? फोड किंवा जखम असेल तर लाजू नका, ती ताजी असतानाच दाखवा. जिल्हा रुग्णालयात आणि सरकारी मेडिकल कॉलेजात ‘सुरक्षा क्लिनिक’ असते. डॉक्टर तपासून हर्पिस ठरवतात आणि ॲसायक्लोव्हिर गोळ्यांचे लाल किट फुकट देतात. सोबत एचआयव्ही आणि गरमीची तपासणी जरूर करून घ्या, कारण दुसऱ्या प्रकारच्या हर्पिसने एचआयव्ही लागण्याचा धोका सुमारे तिपटीने वाढतो. फोड असताना संबंध टाळा. एरवी निरोध वापरा, त्याने धोका घटतो, पण पूर्ण जात नाही.

अँटिबॉडी तपासणी काहींच्या मात्र खरी उपयोगाची आहे. जोडीदाराला हर्पिस असेल, किंवा फोड पुन्हापुन्हा येतात पण फोडातल्या पाण्याच्या तपासणीत काही सापडत नाही, अशांनी ती करावी. तीही दोन प्रकार वेगळे सांगणारी ‘आयजीजी’. आणि रिपोर्ट काठावरचा असेल तर दुसऱ्या पद्धतीने पडताळून. नवऱ्याला असे फोड येत असतील तर गरोदर भगिनीने डॉक्टरांना ते सांगावेच. शेवटच्या तीन महिन्यांत आईला पहिल्यांदा लागण झाली तर बाळाच्या जिवावर बेतू शकते.

आमची मागणी एवढीच : सरकारी दवाखान्यात ही तपासणी गरजूंना फुकट मिळावी आणि रिपोर्ट हातात देण्याआधी समुपदेशकाने नवरा-बायकोला त्याचा अर्थ समजावून सांगावा. शंका असेल तर १०९७ या फुकट नंबरवर विचारा. रिपोर्ट डॉक्टरला दाखवायचा असतो. त्यावर घरात पंचायत बसवू नका.