‘रक्तातच आहे’ असं म्हणण्याआधी

गेल्या महिन्यात एक गृहस्थ दवाखान्यात आले. मुलगी दोन महिने उदास आहे, झोप नाही, जेवण कमी झालंय. पण तिला न आणता एकटेच आले होते. त्यांच्या बहिणीला बायपोलर डिसऑर्डर आहे, म्हणजे कधी उन्माद तर कधी खोल नैराश्य. “डॉक्टर, थुंकीवरून जीन टेस्ट होते म्हणे. करून टाकू या. एकदा कळलं की मोकळे.” मोकळे कशातून, ते बोलले नाहीत. मुलीसाठी स्थळं बघणं चालू आहे, हे मला माहीत होतं.

मी त्यांना डॉ. जॉन केल्सो या अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञांची हकीकत सांगितली. ती तुम्हीही ऐका.

पेनसिल्व्हेनियात अमिश नावाचा समाज आहे. मोटार ठेवत नाहीत, दारू-ड्रग्जपासून बहुतेक लांब असतात, कुटुंबं मोठी आणि वंशावळी नीट नोंदलेल्या. आनुवंशिक आजार शोधायला याहून चांगली जागा कुठली? जॅनिस एगलँड यांच्या गटाने अशा एका कुटुंबाचा अभ्यास केला आणि 1987 साली ‘नेचर’मध्ये जाहीर केलं, की बायपोलर आजाराचा संबंध 11 व्या गुणसूत्राच्या एका भागाशी दिसतो. मोठीच खळबळ उडाली. मी तेव्हा एमबीबीएसला होतो. वेडाचा जीन सापडला, असंच आम्ही एकमेकांना सांगत होतो.

दोन वर्षांनी, 1989 मध्ये, त्याच ‘नेचर’मध्ये दुसरा निबंध आला. पहिलं नाव केल्सो यांचं. मधल्या काळात त्याच कुटुंबातल्या, निरोगी म्हणून मोजलेल्या दोन व्यक्ती आजारी पडल्या होत्या. शिवाय आणखी नातेवाईक तपासले गेले. पुन्हा गणित मांडलं, तर 11 व्या गुणसूत्राचा पुरावा पार ढासळला! आणि या निबंधावर खुद्द एगलँड आणि त्यांच्या जुन्या सहकाऱ्यांच्याही सह्या होत्या. आपलंच गाजलेलं संशोधन आपणच मागे घ्यायचं, याला धैर्य लागतं.

केल्सो पुढे सॅन दिएगोच्या विद्यापीठात गेले आणि हाच शोध घेत राहिले. पण 2008 च्या सुमारास त्यांच्या सायनॉमिक्स या कंपनीने बायपोलरसाठी थुंकीची चाचणी विकायला काढली, किंमत 399 डॉलर. निकाल रुग्णाला नव्हे तर डॉक्टरांकडे पाठवायचा, निदान लवकर व्हावं हा हेतू, हे सगळं मान्य. तरी मला ते पटलं नाही. दोन व्यक्ती आजारी पडल्याने अख्खा निष्कर्ष कसा कोसळतो, हे ज्यांनी स्वतः दाखवलं, त्यांनी मोजक्या जनुकांवर चाचणी विकायला नको होती. बऱ्याच संशोधकांनी तेव्हा हीच शंका काढली.

नंतरच्या मोठ्या अभ्यासांनी, ज्यांत केल्सोही होते, चित्र स्पष्ट केलं. 2021 मध्ये 40 हजारांहून अधिक रुग्णांच्या अभ्यासात जनुकसंचातल्या 64 जागा मिळाल्या. 2025 मध्ये दीड लाखाहून जास्त रुग्ण आणि 298 जागा. प्रत्येक जागेचा वाटा अगदी बारीक. थेंबे थेंबे तळे साचे, तसा हा प्रकार. त्यातले दोन-चार थेंब बघून तळं भरणार का, हे कोण सांगणार?

आनुवंशिकता खोटी आहे, असं मात्र समजू नका. आई किंवा वडिलांना बायपोलर असेल तर साधारण शंभरातल्या दहा मुलांना तो होऊ शकतो. नैराश्याचा धोकाही थोडा वाढतो. आत्या-काका असतील तर त्याहून कमी. म्हणजे बहुतेकांना होत नाही. स्थळ मोडायला हा आकडा पुरेसा नाही, आणि लपवाछपवी करून औषधं बंद ठेवायला तर मुळीच नाही.

केल्सो यांच्या कामातला मला जास्त मोलाचा वाटणारा भाग लिथियमचा. हे औषध काहींना फार छान लागू पडतं, काहींना नाही. 2015 मध्ये त्यांनी आणि इतर शास्त्रज्ञांनी रुग्णांच्या पेशींपासून प्रयोगशाळेत चेतापेशी तयार केल्या. त्या जरुरीपेक्षा जास्त उत्तेजित होत्या, आणि लिथियमने शांत झाल्या त्या फक्त लिथियमचा गुण येणाऱ्या रुग्णांच्याच. आजारासारखा औषधाचा गुणही घराण्यात दिसतो, हे मानसोपचारतज्ज्ञांना आधीपासून ठाऊक होतं.

म्हणूनच डॉक्टरांना घरातली माहिती खरी सांगा. उदास माणसाच्या घरात बायपोलर असेल, तर नुसती नैराश्याची गोळी देताना आम्ही दोनदा विचार करतो. तिने कधी कधी उन्माद उसळतो. ही माहिती फुकट मिळते, पण नेमकी तीच दडवली जाते.

मी त्या गृहस्थांना विचारलं, “बहिणीला कोणतं औषध चालू आहे?”

ते जरा थांबले. “लिथियम. रक्त तपासत असतात अधूनमधून, किडनी, थायरॉइड वगैरे. बारा वर्षं झाली, शाळेत शिकवते ती.”

मुलीला घेऊन ते दुसऱ्या दिवशी आले. मानसोपचारतज्ज्ञांसाठी चिठ्ठी लिहिताना मी पहिल्या ओळीत आत्याचा आजार लिहिला, आणि पुढे तिचं औषध.