सोनं पारखून, संगणक भरवशावर

२४ डिसेंबर हा राष्ट्रीय ग्राहक दिन. १९८६ साली याच तारखेला ग्राहक संरक्षण कायद्याला राष्ट्रपतींची मंजुरी मिळाली. सरकारी कचेऱ्यांत त्या दिवशी भाषणं होतात, वजनमापांच्या शिक्क्यांवर बोललं जातं. ते हवंच. पण जळगाव-धुळ्याच्या घराघरांत सध्या सगळ्यात जास्त चिडचिड होते ती राउटरच्या लाल दिव्यावरून, आणि तिच्याबद्दल व्यासपीठावरून फारसं कोणी बोलत नाही.

जळगावचा ग्राहक भोळा आहे म्हणावं, तर सराफ बाजारात जाऊन पाहा. हॉलमार्क तपासला जातो, घट किती धरली ते विचारलं जातं, मजुरीवरून अर्धा तास घासाघीस होते आणि बिल पाकिटात गेल्याशिवाय घरातली बाई दुकानाची पायरी उतरत नाही. हाच ग्राहक गोलाणी मार्केटमध्ये किंवा धुळ्याच्या आग्रा रोडवर मुलीसाठी लॅपटॉप घ्यायला गेला की त्याला एकच प्रश्न ऐकू येतो : ‘बिल पक्कं हवंय की कच्चं?’ पक्कं म्हटलं की १८ टक्के जीएसटी. मग कच्च्या चिठ्ठीवर व्यवहार होतो. ‘आपलाच मानूस शे’ म्हणत आपण निघतो. आठ महिन्यांनी स्क्रीनवर रेघा येतात, सर्व्हिस सेंटर बिल मागतं, आणि आपला माणूस म्हणतो, कंपनीचं आहे, माझ्या हातात काही नाही.

२०१९च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार बिल न देणं ही अनुचित व्यापार प्रथा आहे. ‘एकदा विकलेला माल परत घेतला जाणार नाही’ हे बिलाखालचं वाक्यही सदोष मालाला लागू होत नाही. बिलावर मुदत लिहिलेली नसेल, तर असा माल ३० दिवसांत परत न घेणं हीसुद्धा अनुचित प्रथाच. अर्थात जीएसटी वाचवण्याच्या मोहात आपणही सामील असतो, हे दुकानदाराला पक्कं ठाऊक असतं.

इंटरनेटचं दुखणं जरा वेगळं. गल्लीतला केबलवाला आता नेटवाला झाला आहे. गणपतीची वर्गणी तोच गोळा करतो, लग्नात पंगतीला तोच शेजारी बसतो. त्याच्याशी भांडणार कोण? रस्त्याच्या कामावर जेसीबीने फायबर तोडली, वीज गेली, वाऱ्याने खांबावरची वायर लोंबली. कारण काहीही असो, उत्तर ठरलेलं : ‘वरूनच डाऊन आहे, दादा.’ वर म्हणजे कुठे, हे कोणी सांगत नाही. परवाना ज्या कंपनीचा असतो तिचं नावही बऱ्याच घरांत माहीत नसतं. सहा महिन्यांचे पैसे मात्र आगाऊ गेलेले असतात. २०२३पासून सरकारी व्याख्येप्रमाणे किमान २ एमबीपीएस वेग असेल तरच त्या जोडणीला ब्रॉडबँड म्हणता येतं. संध्याकाळी आठ वाजता आपल्या घरी किती येतो, ते मोजून पाहावं.

यात नुकसान महिन्याच्या ४९९ रुपयांचंच असतं असंही नाही. जुलैअखेर पीकविम्याची मुदत संपत येते, तेव्हा एखाद्या गावातल्या सेवा केंद्राचं नेट दोन दिवस बसलं, तर सातबारा हातात धरून उभ्या असलेल्या कापूसवाल्याचं काय होतं? केंद्र चालवणारा पोरगा स्वतःच्या पोटापाण्यासाठी ते चालवत असेल, तर कायद्याने तोही ग्राहकच आहे.

आणि दाद मागायची सोय आता खरोखर आहे. २००९च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने टेलिफोन कंपन्यांविरुद्ध ग्राहक मंचाचं दार बंद केलं होतं. वाद असेल तर लवादाकडे जा, असा त्याचा अर्थ. अहमदाबादच्या एका ग्राहकाला एरवी साडेपाचशेच्या घरात येणारं बिल एका महिन्यात साडेचोवीस हजारांवर आलं. त्याने २०१४ मध्ये केलेली तक्रार सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेली आणि १६ फेब्रुवारी २०२२ रोजी न्यायालयाने व्होडाफोन आयडियाचं अपील फेटाळून ते दार पुन्हा उघडलं. आता कंपनी दिल्लीची असली तरी तक्रार आपल्या राहत्या जिल्ह्याच्या ग्राहक आयोगात (म्हणजे पूर्वीच्या मंचात) चालते. ५ लाखांपर्यंतच्या खरेदीला शुल्क नाही, वकिलाची सक्ती नाही. ई-जागृती पोर्टलवरून घरबसल्याही तक्रार करता येते. (त्यासाठी नेट चालू लागतं, ही गंमत आहेच.)

दूरसंचार नियामक ट्राय वैयक्तिक तक्रारी सोडवत नाही, हे बऱ्याच जणांना उशिरा कळतं. आधी कंपनीकडे तक्रार, तिचा डॉकेट क्रमांक, मग कंपनीच्याच अपील प्राधिकाऱ्याकडे अर्ज, असा तो रस्ता. केबलवाल्याला केलेला फोन त्यात कुठेच मोजला जात नाही. म्हणून त्याच्याशी गोडीने बोला, पण तक्रार कंपनीकडे लेखी नोंदवा, पावतीवर परवानाधारकाचं नाव मागा आणि कच्ची चिठ्ठी घेऊन दुकानातून उठू नका. अडलं तर १९१५ ही राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन आहे. आयोगाकडे जायची मुदत तक्रारीचं कारण घडल्यापासून दोन वर्षांची आहे.