पावसाशी रोखीचा व्यवहार

मृगाची पहिली सर आली की पावसाला पैसा देऊ करणारं गाणं गल्लीत हमखास ऐकू येतं, आणि हे लिहिलं कोणी, असं कुणीतरी विचारतंच. कवीचं नाव शोधत बसू नका. कुठल्या पोरांनी पावसाला काय कबूल केलं ते बघा. बंगालची पोरं मापून धान देतात, गुजरातची गरम रोटली नि कारल्याचं शाक वाढतात, आपली मात्र रोखीत बोलतात. आणि रक्कम केवढी, तर एक पैसा, १९५७ च्या आधी रुपयाचा चौसष्टावा हिस्सा! तोही खोटा निघतो, तरी सर येतेच. इंग्रजांची पोरं पावसाला हाकलतात. १६५९ च्या एका म्हणींच्या संग्रहात तर त्याला थेट स्पेनला धाडलंय. अख्ख्या वर्षाचं पोट चार महिन्यांवर अवलंबून असलेला मुलूख असं बोलणार नाही. हा नवसच आहे, पोरांच्या तोंडचा, आणि तो कोरडवाहू शेताच्या बांधावरच जन्मला असणार. शाळांनी हे गाणं शिकवताना पोरांच्या हातात १९४३ चा भोकाचा पैसा जरूर द्यावा. वर मुकुट, मधोमध भोक, करगोट्यात ओवता येईल असा.