जुन्या संगणकाचा रॉम कोण वाचणार?

चाळीस वर्षांपूर्वीचा एखादा स्पेक्ट्रम किंवा बीबीसी मायक्रो टेबलावर उघडून बसलेल्या माणसाला घरातून पहिला प्रश्न येतो, तो त्याच्या उपयोगाचा. प्रश्न रास्त आहे. खिशातला स्वस्तातला मोबाइलही त्या यंत्राच्या कितीतरी पट वेगवान असतो. मग डाग देऊन चिप काढायची, तिच्यातले बाइट वाचायचे, त्यातली एखादी आज्ञा बदलायची आणि चिप परत बसवायची, हा उद्योग कशासाठी? बहुतेक जण याला जुन्या आठवणींचा नाद समजतात, काही जण रिकामटेकडेपणा. मला हे दोन्ही पटत नाही. माझ्या मते आज यंत्र मुळापासून शिकायची ही जवळजवळ एकमेव परवडणारी शाळा आहे. आणि ज्यांच्या भाषा संगणकात उशिरा आल्या, त्यांना तर या शाळेची गरज अधिक.

मुळात रॉममध्ये असते काय? यंत्राला वीज मिळाली की प्रोसेसरला काहीच ठाऊक नसते. पडद्यावर अक्षर कसे काढायचे, कोणती कळ दाबली गेली, कॅसेटवरून प्रोग्राम कसा वाचायचा, हे सगळे त्याला एका चिपमध्ये कायमचे लिहून ठेवलेल्या आज्ञांतून कळते. त्या आज्ञा म्हणजे फर्मवेअर. १९८२ साली इंग्लंडमध्ये आलेल्या झेडएक्स स्पेक्ट्रममध्ये झेड८० प्रोसेसर होता आणि त्याचा संपूर्ण रॉम १६ किलोबाइटचा, म्हणजे १६,३८४ बाइटचा. बेसिक भाषा, गणित, पडदा, आवाज, कॅसेट, सगळे तेवढ्यात. आज साध्या पीसीच्या मदरबोर्डवरची फर्मवेअरची चिपच १६ मेगाबाइटची असते, त्याच्या हजार पट. ती एका माणसाच्या डोक्यात मावत नाही. स्पेक्ट्रमचा रॉम मावतो.

आणि तो वाचला गेलाही. १९८३ मध्येच इयान लोगन आणि फ्रँक ओहारा यांनी त्याची एकेक आज्ञा उलगडून, तिच्याशेजारी अर्थ लिहून पुस्तक काढले. आयबीएमने तर आपल्या १९८१ च्या पीसीच्या बायोसची यादी स्वतःच तांत्रिक माहितीपुस्तकात छापली होती. विकत घेतलेल्या यंत्राचा तळ ग्राहकाने पाहावा, यात तेव्हा कुणाला वावगे वाटत नव्हते. आज आपण पंधरा हजारांचा फोन घेतो आणि त्याचा बूटलोडर कुलूपबंद असतो. उघडला तर वॉरंटी गेली म्हणून धमकी वेगळीच!

वाचल्याने काय हाती लागते, याचे एक उदाहरण मला फार आवडते. प्रोसेसरला बाहेरून एक तातडीचा इशारा देता येतो, तो त्याला टाळता येत नाही. इशारा आला की झेड८० हातातले काम सोडून १०२ या पत्त्यावर जातो. स्पेक्ट्रमच्या रॉममध्ये तिथे एक छोटीशी दिनचर्या आहे. ती मेमरीतल्या एका ठरलेल्या जागेतला आकडा पाहते. अपेक्षा अशी, की तिथे शून्य असेल तर काही न करता परत फिरावे आणि दुसरा आकडा असेल तर त्या पत्त्यावर उडी मारावी. प्रत्यक्षात उलटे घडते. आकडा असला तर ती परत फिरते आणि शून्य असले तर शून्य पत्त्यावर उडी मारते, म्हणजे यंत्र नव्याने सुरू होते आणि केलेले काम गेले. कारण १०९ या पत्त्यावरच्या बाइटमध्ये ३२ आहे, तिथे ४० हवे होते. 'शून्य नसेल तर' आणि 'शून्य असेल तर' या दोन आज्ञांमध्ये फरक फक्त एका बिटचा. ही चूक नजरचुकीची की मुद्दाम केलेली, यावर हौशी मंडळींत पैजा लागतात. पण ती दुरुस्त करायला कंपनीची परवानगी लागत नाही. रॉमची प्रत घ्या, एक बाइट बदला, २७१२८ जातीच्या ईप्रॉमवर लिहा, गरज पडेल तिथे जोडणी थोडी बदलून मूळ चिपच्या जागी बसवा. एवढे हाताने केलेल्या पोराला 'सॉफ्टवेअर म्हणजे काय' हे निराळे शिकवावे लागत नाही.

आता भाषेकडे येतो. त्याच रॉमचे शेवटचे ७६८ बाइट अक्षरांचे आहेत. ९६ चिन्हे, प्रत्येकाला आठ बाइट, म्हणजे आठ बाय आठ ठिपक्यांची चौकट. इंग्रजी 'ए' तीत आरामात बसतो. आता तीत 'क' काढून पाहा. वरची एक ओळ शिरोरेषेने खाल्ली. तिच्यावर वेलांटी आणि मात्रा यायच्या, खाली उकार यायचा. मधे अक्षराला उरतात चार-पाच ओळी. 'ळ' त्यात गुदमरतो आणि 'ष्ट्य'चा तर विचारच नको. उर्दूची नस्तालीक तर तिरकी उतरत जाते, तिला चौकटच मान्य नाही. ही चौकट आखणाऱ्याचा आपल्याशी वैरभाव नव्हता. त्याच्या टेबलावर आपण नव्हतो, इतकेच. पण तळाशी ठरलेल्या गोष्टी वरच्या सगळ्यांना निमूट पाळाव्या लागतात.

या टेबलावर जागा मिळवण्यासाठी कुणी काही केलेच नाही, असे मात्र नाही. कुवेतच्या मोहम्मद अल-शारेख यांनी १९८२ साली काम सुरू केले आणि पुढे 'सखर' नावाने एमएसएक्स जातीचे घरगुती संगणक जपानी कंपन्यांकडून बनवून घेतले. त्यात अरबी थेट रॉममध्ये होती. अरबी अक्षराची जागेनुसार चार रूपे होतात, सुटे, सुरुवातीचे, मधले आणि शेवटचे, आणि ओळ उजवीकडून डावीकडे जाते. हे सगळे आठ बिटांच्या यंत्राच्या तळाशी बसवणे सोपे नव्हते. अरब देशांतली एक अख्खी पिढी त्या यंत्रांवर आपल्या लिपीत बेसिक शिकली. आज हौशी लोक त्यांचे रॉम वाचून इम्युलेटरवर चालवतात, तेव्हा ते खेळ खेळण्यापुरतेच नसते. एका लिपीने यंत्रात पाऊल कसे टाकले, त्याचा तो मूळ दस्तऐवज आहे.

आपल्याकडे हे काम आयआयटी कानपूरमध्ये सुरू झाले आणि पुण्याच्या सी-डॅकमध्ये वाढले. जिस्ट कार्ड म्हणतात ते हेच. डॉसच्या काळात पीसीच्या आत हे कार्ड खोचले, की डीबेस किंवा वर्डस्टारसारखे मुळात इंग्रजी प्रोग्रामही देवनागरी दाखवू लागत. सरकारी कचेऱ्यांत आणि छापखान्यांत काम केलेल्या कित्येकांना ते आठवत असेल. त्यामागे इस्की ही संकेतप्रणाली होती. १९८८ च्या तिच्या आराखड्यावरूनच पुढे युनिकोडमधला देवनागरीचा तक्ता आखला गेला. अक्षरांचा क्रम, हलन्त देऊन जोडाक्षर करायची रीत, सगळे तिथून आलेले. मराठीतल्या 'दऱ्या', 'वाऱ्या' यांतला तो आडवा अर्धा र पाहा. तो आजही ठिपक्याच्या 'ऱ'चा पाय मोडून लिहिला जातो, ही युक्तीही इस्कीचीच. म्हणजे १९८० च्या दशकात कुणीतरी घेतलेला निर्णय तुम्ही आज सकाळी व्हॉट्सॲपवर वापरला. आणि उर्दूची फारसी-अरबी लिपी इस्कीच्या चौकटीबाहेर राहिली, तिला वेगळी संकेतप्रणाली मिळाली. तांत्रिक कारण उघड आहे: ब्राह्मीपासून आलेल्या लिप्या एका तक्त्यात बसतात, ही बसत नाही. तरी ज्या घरात मराठी आणि उर्दू दोन्ही वाचल्या जातात, त्या घराला ही फाळणी जाणवल्याशिवाय राहत नाही.

म्हणून मला वाटते, हे रॉम वाचायला आपली माणसे हवीत. परदेशातल्या हौशी मंडळींनी आपापल्या यंत्रांची जपणूक चोख केली आहे. इतकी, की १९९९ मध्ये स्पेक्ट्रमचे हक्क असलेल्या ॲमस्ट्रॅडने इम्युलेटरबरोबर रॉम वाटायला खुशीने परवानगी दिली. देवनागरी आणि उर्दूची कार्डे, टर्मिनल, प्रिंटरमध्ये बसणाऱ्या अक्षरांच्या चिपा यांची काळजी ते का करतील? १९८४ पासून सरकारच्या 'क्लास' प्रकल्पात शाळांना बीबीसी मायक्रो दिले गेले. त्यातले किती अजून अडगळीच्या खोलीत पडून असतील! भंगारवाला त्यांचा भाव किलोवर लावतो.

कुणी म्हणेल, हे संग्रहालयांनी करावे. करावे की. पण त्यासाठी लागणारे हात दुसरीकडेच आहेत. आपल्या मोहल्ल्यांतल्या मोबाइल दुरुस्तीच्या दुकानांत जा. सतरा-अठरा वर्षांची पोरे सूक्ष्मदर्शकाखाली चिप उचलतात, नवी बसवतात, बंद पडलेल्या फोनमध्ये 'सॉफ्टवेअर मारतात'. हे फर्मवेअरचेच काम आहे आणि ते अवघड आहे. त्यांचा हात अनेक इंजिनिअरांपेक्षा स्थिर असतो. फक्त आपण नेमके काय लिहिले, हे त्यांना कुणी सांगितलेले नाही. बॉक्स जोडायचा, फाइल निवडायची, हिरवी पट्टी पूर्ण होईपर्यंत थांबायचे. हुनर आहे, पण त्याच्या तळाशी असलेली विद्या कुलपात आहे. समाजात शिक्षणावर भाषणे खूप होतात आणि या पोरांना त्यात 'शाळा सोडलेले' एवढीच ओळख मिळते. त्यांच्या हाती एक जुने आठ बिटांचे यंत्र आणि उलगडलेला रॉम द्या. आपण रोज करतो ते काय आहे, हे त्यांना सहा महिन्यांत कळेल. डिप्लोमाच्या वर्गात ८०८५ च्या किटवर हेक्स आकडे दाबून मार्क मिळवणाऱ्या अनेकांना ते शेवटपर्यंत कळत नाही, कारण तिथे यंत्राने काही बोलावे अशी अपेक्षाच नसते.

कायद्याची भीती दाखवली जाते, तीही थोडी फुगवलेली आहे. कॉपीराइट कायदा १९५७ च्या कलम ५२ मध्ये, कायदेशीर मिळवलेल्या प्रोग्रामचे कार्य अभ्यासायला आणि खासगी, बिगरव्यापारी वापरासाठी प्रत करायला सूट आहे. विकायला बसलात तर गोष्ट वेगळी.

घाई मात्र खरी आहे. ईप्रॉममधली माहिती म्हणजे अडकवून ठेवलेला विद्युतभार आणि तो काळाबरोबर झिरपतो. चिपवरची काचेची खिडकी अतिनील प्रकाशाने पुसण्यासाठीच ठेवलेली असते. इंटेलच्या माहितीपत्रकाप्रमाणे थेट उन्हात अशी चिप साधारण आठवड्यात पुसली जाऊ शकते आणि ट्यूबलाइटखाली तीनेक वर्षांत. तेव्हा लॅमिंग्टन रोडला, तापकीर गल्लीत किंवा जुन्या बाजारात अशी चिप दिसली आणि तिच्यावरची चिकटपट्टी निघालेली असली, तर आधी खिडकी झाका. यंत्राला वीज देऊन पाहण्याचा मोह आवरा, कारण जुन्या पॉवर सप्लायचा भरवसा नसतो. चिप वाचायला ५ व्होल्ट पुरतात. इंटेलच्या २७१६ सारख्या जुन्या चिपवर लिहायला २५ लागतात, म्हणून तिथे प्रोग्रामर पारखून घ्या. दोनदा वाचा आणि दोन्ही फाइली ताडून पाहा. जुळल्या तर यंत्राचे नाव, चिपवरचा क्रमांक आणि कुठे सापडली ते मराठीत लिहून फाइलीसोबत ठेवा. फरक आला तर पाय साफ करून तिसऱ्यांदा वाचा.